घणाचा उजवा हात

सासऱ्यांना वखारीत सगळे घण म्हणायचे. तोंडावर मुकादम, पाठीमागे घण. चाळीस वर्षं त्यांनी ओंडक्यांत पाचरी ठोकल्या, आरा चालवणाऱ्या माणसांना हाकललं, आणि घरी आल्यावर तोच उजवा हात जिथे पडेल तिथे पाडला. कपाटाच्या दाराला त्याचा एक खळगा होता. स्वयंपाकघराच्या भिंतीचा टवका उडालेला होता. आणि सासूबाईंचा डावा कान होता. त्या कानानं त्यांना काही ऐकू यायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं, हे सुनेला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. का, ते कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. कपाटाचा खळगा बघून ज्याला जे समजायचं ते समजतंच.

मग एके सकाळी दाढी करता करता घण कोसळला. आरसा, वाटी, माणूस, सगळं एकदम खाली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका दमात गेलं. मागे उरला एकच शब्द. हरामखोर. पाणी हवं, हरामखोर. लघवीला लागली, हरामखोर. दोन वर्षांच्या नातीला बघून डोळे भरून आले, तरी हरामखोर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूचा बोलण्याचा भाग मार खातो आणि एखादाच सवयीचा शब्द तग धरून राहतो.

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या, "बाकीचे सवयीचे नव्हतेच." आणि डबा भरायला लागल्या.

नवव्या दिवशी इस्पितळानं घरी पाठवलं. कागदावर शेवटी एक ओळ होती, व्यायामोपचार चालू ठेवावेत. कुठे, कसे, कुणी, यातलं काहीच नव्हतं. चालू नसलेली गोष्ट चालू कशी ठेवायची, हेही नव्हतं.

सून पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय लपलंय ते दिवसभर काचेच्या नळीत धरून शोधायचं, हे तिचं काम. ती खोड घरीही तिची पाठ सोडत नसे. मुलीला ती लाडानं खारू म्हणायची, कारण पोर कायम कशाच्या तरी खाली शिरून बसलेली असायची. झोपलेल्या खारूच्या नाकाशी ती बोट धरून बघे. टेबलाच्या कोपऱ्यांना तिनं चिंध्या बांधल्या होत्या. आणि एवढं करून जे व्हायचं ते झालंच. सासऱ्यांना घरी आणल्याला आठवडा झाला नसेल, त्यांच्या डाव्या हातातला पेला तोंडापर्यंत जाईना, दोनदा सांडला, तिसऱ्यांदा त्यांनी तो भिरकावला. खारू नेमकी खुर्चीखालून बाहेर येत होती. स्टीलचा पेला भुवईवर बसला. तीन टाके पडले. पोरीचं रक्त सुनेच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं, आणि सासरे खुर्चीत हमसून हमसून रडत त्या एका शब्दाची जपमाळ ओढत होते.

त्या दिवसापासून सून पुनर्वसन केंद्राच्या मागे लागली. अख्ख्या भागाला केंद्र एकच, घरापासून दोन बसगाड्या लांब. यादीत एकशे चाळीस माणसं. सात आठवडे तिनं पाच टेबलांवर खेटे घातले, तेव्हा कुठे पहिली तपासणी झाली. तिथल्या उपचारबाई ठेंगण्या, दणकट, बोलायला फटकळ. त्यांनी सासऱ्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना एकेक करून टाचणी लावली. प्रत्येक टोचणीला सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटून शिवी दिली.

"छान!" बाई म्हणाल्या. "हात हलत नाही, पण त्यांना सगळं जाणवतंय. पहिले सहा महिने शरीर लवकर शिकतं, त्यातले दोन तुम्ही घालवलेत."

"मी घालवले?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून घालवले. घरात लहान मूल आहे ना? मग ऐका. माणसाला काही जमेनासं झालं की ते भडकतं. स्वतःचं स्वतः जेवायला, उठायला लागले की निम्मी आदळआपट आपोआप थांबेल."

सुनेनं तेवढं एक वाक्य पदराला गाठ मारावी तसं घरी आणलं. केंद्राची गाडी मंगळवारी नि शुक्रवारी साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी यायची. आत वखारीच्या ओंडक्यांच्या राशी, गाडी वळत नसे. पेशंटला चाकाच्या खुर्चीतून कोपऱ्यापर्यंत आणायचं काम घरच्यांचं. नियम कडक होता. लागोपाठ तीन वेळा पेशंट कोपऱ्यावर दिसला नाही, की नाव कट. सून आठलाच कामावर निघायची. नवऱ्याची मालधक्क्यावर सकाळपाळी. म्हणून खुर्ची आणायचं सासूबाईंकडे आलं, मदतीला वखारीतला एक हमाल.

पहिल्या मंगळवारी संध्याकाळी तिनं विचारलं, "काय काय करून घेतलं आज?"

"कशाचं काय! गाडीच नाही आली."

शुक्रवारीही नाही आली. पुढच्या मंगळवारीही नाही. केंद्राचा फोन एकतर गुंतलेला, नाहीतर वाजून वाजून गप्प. गुरुवारी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पत्र आलं, सलग तीन गैरहजेऱ्यांमुळे आपल्या रुग्णाचं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. तिनं नळ्या तशाच ठेवल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन बसगाड्या बदलून केंद्रात जाऊन उभी राहिली.

"गाडी पाठवायची नाही आणि वर गैरहजर लिहायचं? माणसं काय वाऱ्यावर सोडलीत का?"

उपचारबाईंनी तिला बसा म्हटलं नाही. खिडकीतून हाक मारून त्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला आत बोलावलं. तो जेवणाचा हात पुसत आला.

"लाकडाच्या वखारीची गल्ली? अहो, येतो की! दर खेपेला आजी कोपऱ्यावर उभ्या असतात. एकदा म्हणाल्या ताप आहे. एकदा म्हणाल्या झोपलाय. परवा म्हणाल्या, तो येणार नाही, परत येऊ नका. वर मला लिमलेटची गोळी दिली."

भांडायला आलेल्या माणसाच्या हातातली काठीच कुणी काढून घ्यावी, तसं सुनेचं झालं.

उपचारबाईंनी तिला शेजारच्या खोलीत नेलं. एक म्हातारा बाकावर बसला होता. त्याच्या डाव्या हाताची मूठ गच्च वळलेली होती आणि एक मदतनीस मनगट धरून ती कोमट पाण्यात भिजवत होती. खोलीत कुजकट वास होता.

"दोन वर्षांनी आणलंय यांना," बाई म्हणाल्या. "नखं वाढून तळव्यात घुसली आहेत. लोकांना वाटतं, हात गेला म्हणजे मेला. मरत नाही तो. झटक्यानंतर हातात परत जे येतं ना, ते बहुतेकांच्या बाबतीत आधी मूठ म्हणून येतं. ती न शिकवता येते. उघडणं सगळ्यात शेवटी येतं, तेही कुणी शिकवलं तर. आम्ही इथे दुसरं काय करतो? मुठी उघडतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या शुक्रवार आहे. मी नाव खोडलेलं नाही अजून. उद्या साडेनऊला पेशंट कोपऱ्यावर हवा. नाही दिसला, तर यादीत एकशे बेचाळीसावा नंबर. म्हणजे हे असं."

परतीच्या बसमध्ये ती उभ्यानंच आली, बसायला जागा असूनही.

घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि आतून आवाज आला. धप. थांबून, धप. गादी झोडपतात तसा, पण गादीपेक्षा ओला. तिनं दार लोटलं.

सासरे खुर्चीत होते, कमरेला पट्टा आवळलेला. उजवा हात समोरच्या स्टुलावर, टॉवेलात गुंडाळलेला. सासूबाई दाराकडे डावी बाजू करून बसल्या होत्या, हातात पाचर ठोकायची लाकडी मोगरी. त्या रागानं मारत नव्हत्या. तेल संपत आल्यावर बरणी उपडी करून ठेवावी तितक्या शांतपणे, रोजच्या कामासारखं, त्या मोगरी उचलत होत्या आणि पाडत होत्या. सासऱ्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून वारा सुटल्यासारखा नुसता श्वास येत होता. स्टुलाच्या पलीकडे, टेबलाखाली, खारू गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती हे पहिल्यांदा बघत नव्हती. पोरगी दचकत नव्हती.

"आई!"

डाव्या कानावर गेलेली हाक भिंतीवर गेली. मोगरी पुन्हा वर गेली, तेव्हा सुनेनं मागून झेप घालून ती धरली. सासूबाई किंचाळून गर्रकन वळल्या. तो झटका त्यांचा होता की मोगरीचा, कोण जाणे. लाकूड सुनेच्या गळ्याखालच्या हाडावर बसलं. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. पुढचं तिनं केलं नाही, तिच्या हातानं केलं. सणसणीत एक. सासूबाईंच्या त्याच कानावर.

स्टूल कलंडलं. मोगरी घरंगळत टेबलाखाली गेली.

खारूनं ती उचलली, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि स्पष्ट उच्चारात म्हणाली, "हरामखोर."

सून खाली बसली. आपला हात तिनं मांडीखाली दाबून धरला, पुन्हा कुठे जाऊ नये म्हणून. लग्न झाल्यापासून या घरात तिनं एकच नवस जपला होता. आपल्या पोरीला कुणाचा उगारलेला हात दिसू नये. आणि पोरीनं आज तिचाच पाहिला.

"मार की," सासूबाई म्हणाल्या. कान चोळायलाही त्यांनी हात नेला नाही. "त्या बाजूला आता फोडायला काही उरलेलं नाही."

"आई, तुम्ही हे... रोज?"

"मेलेल्या हाताला मारते मी. माणसाला नाही मारत. त्याला कुठं काय कळतंय?"

"कळतं. सगळं कळतं त्यांना. टाचणी लावून बघितलंय माझ्यासमोर."

"कळलं असतं तर बोंबलला असता."

"कशानं बोंबलणार? एकच शब्द आहे त्यांच्याकडे, तोही तुम्ही मारताना फुटत नाही!"

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या गालावरून, हनुवटीवरून पाणी गळून सदऱ्याचा गळा भिजला होता. आज भिजला होता असं नाही. त्या सदऱ्याच्या गळ्याला रोजच पांढुरके ओघळ वाळलेले असायचे. धुणं सासूबाईच करायच्या, आंघोळही त्याच घालायच्या आणि तो हात कायम टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या.

मग त्या म्हणाल्या, आणि तेही सुनेशी नाही, त्यांच्याशीच, "कळतंय होय तुम्हाला? बरं झालं. मला तर शब्दही होते. चाळीस वर्षं ओरडत होते मी. सगळी वखार ऐकायची. तुम्हाला तेव्हा नव्हतं का कळत?"

घणानं मान खाली घातली. निम्मी मान. उजवी बाजू साथ देत नव्हती.

"याच हातानं माझं पहिलं पोर पोटात गेलं," सासूबाई आता सुनेकडे वळल्या. "सातवा महिना होता. मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या नवऱ्यालाही नाही. तो हात लुळा पडला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. आणि तू शिकलीसवरलेली बाई, तो जिवंत करायला निघालीस! तुझ्या पोरीच्या भुवईवर डाव्याचा नमुना आहे, उजव्याचा बघायचाय? पाय बरा करा म्हणावं केंद्रवाल्यांना. चालू दे. हात घरी राहील."

हे सगळं खरं होतं, आणि सुनेच्या मनाच्या तळाशी हीच भीती दडलेली होती. नळीतल्या पाण्यात हळूहळू रंग चढावा तशी ती वर येत होती. तिनं टॉवेल सोडवला. हात मनगटापासून काळानिळा, लोण्याच्या गोळ्यासारखा सुजलेला. पण ती सूज बघत नव्हती.

"आई, इकडे या. उजवीकडून या, नीट ऐका. केंद्रात नेलं होतं तेव्हा हा हात कसा होता?"

"लोंबकळत होता. फडक्यासारखा."

"आता बघा."

चारही बोटं आत वळली होती. अंगठा त्यांच्याखाली दाबलेला.

"हात मरत नाही, आई. मी आज दोन वर्षं तसाच टाकलेला हात बघून आले. त्याची मूठ होते. कुणी काही केलं नाही तरी मूठ येते. तुम्ही मारा, नका मारू, मूठ येणारच. शिकवावं लागतं ते उघडायला. तुम्ही गाडी परत पाठवत होतात ना, तेव्हा तुम्ही हात नव्हता थांबवत. त्याचं उघडणं थांबवत होतात."

सासूबाई जवळ आल्या. वाकल्या. तर्जनीच्या पेरात आपलं बोट घालून त्यांनी ओढून पाहिलं. बोट हललं नाही. त्यांनी जोर लावला. मूठ उलट आणखी आवळली. त्या विस्तवाला हात लागल्यासारख्या मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या, नेमक्या त्या उडालेल्या टवक्याखाली.

"सुंभ जळला..." त्या पुटपुटल्या आणि पुढचं बोलल्याच नाहीत.

नवरा पाळीवरून आला तेव्हा सुनेनं त्याला सगळं सांगितलं. तो हात धुवायचं विसरून ओट्याला टेकून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला यात ओढू नका तुम्ही."

"तू यातच जन्मलास रे," सासूबाई आतून म्हणाल्या. "उद्या पाळी बदलून घे. खुर्ची तू ढकलायचीस."

शुक्रवारी साडेनऊला चौघं कोपऱ्यावर होती आणि पाचवी कडेवर. ड्रायव्हरनं गाडीची उतरती फळी खाली सोडली, खुर्ची वर ओढली. सासूबाई खाली उभ्या राहिल्या. मग त्या पदर खोचून आत चढल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बघतोस काय? आज गोळी नाही मिळायची."

केंद्रात टॉवेल सोडल्यावर उपचारबाईंचा चेहरा दगड झाला. "हे काय आहे?"

सून तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "मी मारलंय. मोगरीनं."

हाडाचा फोटो काढला. हाड वाचलं होतं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, सासूबाईंच्या तोंडावर वाचून दाखवलं आणि सांगितलं, दर आठवड्याला आमचं माणूस घरी येऊन यांचं अंग तपासेल, आणि सध्या तुम्ही यांच्यासोबत एकट्या राहायचं नाही. सासूबाईंनी मान डोलावली. सुनेनं पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली. तिच्या गळ्याखालचं हाड तेवढे दिवस हिरवं-पिवळं होतं. खारू त्यावर रोज फुंकर घालायची.

सूज उतरायला चार खेपा गेल्या. त्यात पायाचं काम झालं, सासरे दांडी धरून सात आकड्यांपर्यंत उभे राहिले. पाचव्या खेपेला बाई म्हणाल्या, "आज मूठ. घरच्या कुणीतरी शिकायचंय, रोज करावं लागेल. या."

सून पुढे झाली. "सरक," सासूबाई म्हणाल्या. "मी करते."

सुनेनं उपचारबाईंकडे पाहिलं. बाईंनी दोघींकडे पाहिलं, थोडा वेळ घेतला, आणि स्टूल पायानं सासूबाईंकडे सरकवलं. पण स्वतः खांद्याशी उभ्या राहिल्या. "मनगट आधी खाली वाकवायचं. मग अंगठा मुळापासून. मग एकेक बोट. टोकाला धरून ओढायचं नाही."

"दुखतं?"

"खूप."

"किती दुखलं की थांबायचं?"

"ते सांगतील तेव्हा."

"त्यांना एकच शब्द येतो."

"मग तो आला की थांबायचं. लगेच."

सासूबाईंनी मनगट वाकवलं. अंगठा सोडवला. करंगळी धरली. सासऱ्यांच्या कपाळावर घाम फुटला. करंगळी उघडली. अनामिका अर्ध्यावर आली आणि सासूबाईंच्या दंडाच्या शिरा फुगल्या. सून फक्त त्या दंडाकडे बघत होती. आणखी एवढासा रेटा, आणि चाळीस वर्षांची फेड एका झटक्यात. कुणाला कळलंही नसतं. उपचारच तो.

"ह... हरामखोर!"

सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. सैलही झाला नाही, पुढेही गेला नाही. मग त्यांनी सावकाश जोर काढून घेतला आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"थांबले मी," त्या म्हणाल्या. "बघितलंत? तुम्ही म्हणालात आणि मी थांबले. असं थांबतात."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डाव्या हातानं आपली उजवी मूठ उचलली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"मोज, मूठ किती आकडे उघडी राहते ते," सासूबाई सुनेला म्हणाल्या आणि मनगट वाकवलं. "आणि ही नखं बघ कसली वाढलीत. मंगळवारी यायच्या आधी कापायला हवीत. तू जवळ बस, मी कापेन."